तीन नंबरच्या टाकीवरचा बाण

नोकरी कशी असावी, तर शेजाऱ्याला एका वाक्यात सांगता आली पाहिजे. गारठेमामाची तशी नव्हती. कुणी विचारलं, "काय करता हो तुम्ही?" तर तो आधी इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "टाक्या भरतो." कसल्या टाक्या, हे एकदा सांगितलं की समोरचा दोन पावलं मागे सरकायचा. मग चहाचं आमंत्रण नाही, की काही नाही. गारठेमामा हे नावही त्याला अशाच कुणीतरी चिकटवलेलं. खरं नाव घरच्या पत्रांवर होतं आणि घरी पत्र लिहिणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या टाक्यांत माणसं होती. आता दचकू नका, नीट ऐका.

शहर संपतं तिथे कारखान्यांची एक रांग आहे. एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारे, दुसऱ्या बाजूला पंखे दुरुस्त करणारे, आणि मधे पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत. आत आठ उंच स्टीलच्या टाक्या, माणसाच्या दीडपट उंचीच्या, आणि त्यांत मिळून एकवीस माणसं. सगळी रीतसर मेलेली, दाखल्यासकट. फरक इतकाच, की जीव गेल्या गेल्या त्यांच्या अंगातलं रक्त काढून न गोठणारं औषध भरलं होतं आणि हळूहळू थंड करत करत त्यांना पातळ नायट्रोजनमध्ये सोडलं होतं. आज ज्याला औषध नाही त्याला उद्या येईल, परवा येईल, शंभर वर्षांनी येईल. तेव्हाचे डॉक्टर यांना काढतील, बरं करतील आणि उठवतील. अशी आशा. आशा फार चिवट असते हो, ती काय टाकीत घालावी लागत नाही.

माणसं ठेवायची ती उलटी. डोकं खाली, पाय वर. का? तर नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो. कधी पातळी उतरलीच, तर आधी पाय उघडे पडावेत आणि डोकं सगळ्यात शेवटी. पाय काय, पुढचे लोक नवे बसवतील, पण माणूस जो काही असतो तो सगळा डोक्यात. म्हणून प्रत्येक टाकीवर माणसागणिक एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एक बाण. बाणाचं टोक जिकडे, डोकं तिकडे. वीस बाण खाली होते. एक वर होता, त्याचीच ही गोष्ट.

ही जागा चालवणारे डॉक्टर हाडाचे प्रामाणिक. कुणी विचारलं, "खरंच उठतील का हो?" की ते चष्मा पुसत म्हणायचे, "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. जाळलेला माणूस उठणार नाही, एवढं नक्की माहीत आहे." एकदा मामानेच विचारलं होतं, "डॉक्टर, घरी टोमॅटो बर्फात ठेवला तर बाहेर काढल्यावर त्याचा लगदा होतो. मग माणसाचं काय?" डॉक्टर हसले. "लगदा बर्फाच्या सुया करतात. म्हणून तर आपण औषध भरतो, सुया होऊच देत नाही. तरी मेंदूला तडे जातात, मामा, खोटं कशाला बोलू? ते सांधणारं औषध अजून कुणी केलेलं नाही. होईल किंवा नाही होणार. आपलं काम इतकंच, की ते होईपर्यंत यांना आणखी बिघडू द्यायचं नाही."

मामाचा मात्र पहिल्यापासून विश्वास होता. या कामाआधी तो गुरांच्या दवाखान्यांना हाच नायट्रोजन पोचवायचा. बैलाचं बीज त्यात ठेवतात. "बैल मरून बारा वर्षं झाली," तो सांगायचा, "आणि त्याचं वासरू माझ्या डोळ्यांसमोर उड्या मारत होतं. एक थेंब उठू शकतो, मग..." आणि इथे तो थांबायचा, कारण थेंब आणि माणूस यांच्यातलं अंतर त्यालाही कळत होतं.

अकरा वर्षांपूर्वी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, चौथीला शिकवणाऱ्या. नवरा आधीच गेलेला. नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी रक्ताच्या आजाराने त्या सकाळी गेली होती. पुढच्या खोलीत डॉक्टरांचं काम चालू होतं आणि बाई बाहेरच्या बाकावर ताठ बसून होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. मामाने पाणी दिलं. तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. त्यात टाकीचं चित्र होतं, उलटी माणसं दाखवलेलं. आणि एवढा वेळ सावरलेली ती बाई कोसळली.

"उलटं नको हो तिला! झोपाळ्यावरसुद्धा गरगरायचं तिला. उलटं केलं की ओकायची. मामा, तुम्ही सांगा ना त्यांना. मी पाया पडते तुमच्या."

आता मेलेल्या पोरीला गरगरतं का? नाही. पण तुम्ही त्या बाकाशेजारी उभे असतात तर तुम्हीही हे बोलला नसतात. मामाला मूलबाळ नव्हतं. त्याने आत जाऊन शब्द टाकला. डॉक्टर नाही म्हणाले. मामाने परत टाकला. "पातळी माझ्या हातात आहे ना डॉक्टर? मी असताना ती उतरेल का? नऊ वर्षांत एक इंच तरी उतरली का?" डॉक्टरांनी खूप वेळ चष्मा पुसला. मग तीन नंबरच्या टाकीत, एक म्हातारे घड्याळजी आणि एक वकीलसाहेब यांच्या मधे, त्या पोरीला सरळ ठेवलं. डोकं वर. तिच्या चिठ्ठीवरचा बाण मामानेच काढला.

पातळी कशी मोजतात, तेही सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. खुणा केलेली एक लांब लाकडी पट्टी असते. ती टाकीत तळापर्यंत सोडायची, दहा अंक मोजायचे, झटकन बाहेर काढायची आणि हवेत हलवायची. जेवढी पट्टी बुडाली होती तेवढ्यावर पांढरं दव धरतं. ती पांढरी रेघ म्हणजे पातळी. पण दहा म्हणजे दहा. पट्टी जास्त वेळ आत राहिली तर वरच्या गार वाफेने दव वर वर चढतं, आणि अर्धी टाकीही पूर्ण भरलेली दिसते.

पोरीला ठेवून वर्ष झालं होतं. मामाची बायको दवाखान्यात होती. फार काही नाही, दोन दिवसांत घरी येणार असं सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी मागे एकदा मामाला सांगून ठेवलं होतं, की तुमच्या घरच्यांसाठी इथे जागा आहे, एक पैसा द्यायचा नाही. बायको ऐकून हसली होती. "मला आधीच थंडी सोसत नाही. मेल्यावर तरी उबेत राहू द्या."

त्या दिवशी मामाने तीन नंबरात पट्टी सोडली, चारपर्यंत मोजलं आणि फोन वाजला. बायको.

ती काय बोलली? काही नाही हो, नेहमीचंच. गच्चीवरचे कपडे काढले का. शेजारणीची पातेली परत दिली का. कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घाला, तुम्ही मोठ्या कुंड्यांना घालता आणि ती बिचारी तशीच राहते. मग म्हणाली, "तुमचा आवाज बरा वाटतो आज. बोला की काहीतरी." मामा बोलायला लागला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पट्टी. सात-आठ मिनिटं सहज गेली असतील. फोन ठेवला, पट्टी काढली, रेघ थेट वरपर्यंत पांढरी. "भरलेली" असं तक्त्यावर लिहिलं आणि कुंडीला पाणी घालायला घरी गेला.

पहाटे ती गेली.

भरलेल्या टाकीकडे पुढचे दहा दिवस कुणी बघायचं नाही, हा तिथला नियम, आणि नियम घालून दिलेला मामानेच. त्याच्या जागी आलेल्या बदली माणसाने तक्ता वाचला, तीन नंबर भरलेली आहे असं पाहिलं आणि बाकीच्या सात भरल्या. त्यात तीन नंबर सगळ्यात जुनी, इतरांच्या दुप्पट पिणारी. नवव्या दिवशी मामा कामावर परतला. सवयीने पट्टी सोडली, दहा मोजले, काढली. पांढरी रेघ तळापासून वीतभर. धोक्याची घंटा वाजायला त्याच्याही खाली जावं लागायचं. मामाने पट्टी पुसली, पुन्हा सोडली. वीतभरच.

घड्याळजी आणि वकीलसाहेब यांची डोकी त्या वीतभरात बुडालेली होती. आणि पोरीचं डोकं? ते वर होतं, पार कोरड्यात. किती दिवस, कोण जाणे.

त्याने टाकी भरली. काठोकाठ भरली. मग तक्त्यावर नेहमीचा आकडा लिहिला आणि कुणाला काही सांगितलं नाही. भ्याला, हे खरं. नोकरी जाईल म्हणून भ्याला, तेही खरं. पण सगळ्यात जास्त भ्याला तो बाईंना. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की सगळ्यांची डोकी वाचली, तुमच्याच पोरीचं नाही, कारण तिला गरगरू नये म्हणून तुम्ही रडलात? कुठल्या तोंडाने सांगायचं हे आईला?

आणि एक सांगतो. त्या सात-आठ मिनिटांचा त्याला पश्चात्ताप करता येत नव्हता. खूप प्रयत्न केला त्याने. रात्रंदिवस स्वतःला शिव्या घातल्या. पण कुणी म्हणालं असतं, ती मिनिटं परत दे आणि पोरीला घे, तर त्याच्या तोंडून हो निघालं नसतं. हेच त्याला खात होतं.

तेव्हापासून तीन नंबरातून आवाज यायला लागला. सगळ्याच टाक्यांतून येतात म्हणा, धातू आकसतो, नायट्रोजन खदखदतो. मामाला ते सगळं पाठ होतं. पण तीन नंबरातला आवाज वेगळा. टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. झाकणाजवळून. घड्याळजी आहेत ते, मामा स्वतःला समजावायचा, जित्याची खोड आहे. पण हसू यायचं नाही. पट्टी सोडून तो मोठ्याने दहा मोजायचा, आणि चारवर आला की दर वेळी त्याच्या कानात बायको म्हणायची, बोला की काहीतरी.

बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायच्या. तीन नंबरासमोरच्या बाकावर बसून चौथीचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या. दरवर्षी तेच. कुणी म्हणालं, आता ती मोठी झाली असती, तर बाई म्हणायच्या, "झाली असती हो. पण ती तिथेच थांबलीये ना? माझी वाट बघत. मी पाचवीचं वाचून तिला मागे टाकू का?" निघताना मामाजवळ थांबायच्या.

"ठीक आहे ना, मामा?"

"ठीक आहे."

दहा वर्षं. हे दोन शब्द घासून घासून गुळगुळीत झाले.

मग यंदा एका दुपारी बाईंची धाकटी बहीण एकटीच आली. आली तीच रडत. बाईंच्या डोक्यात गाठ निघाली होती. साधी गाठ, काढता येणारी, काढली की पंचवीस-तीस वर्षं आरामात. मात्र सर्जनने आधीच सांगितलं होतं, की त्या जागेला हात लावला तर मागची वीस-पंचवीस वर्षं धुऊन जाऊ शकतात. जुनं राहील, पुढचं नवं लक्षात राहील, मधलं जाईल.

"आणि ताई नाही म्हणते, मामा! म्हणते, मी मेले तर मला टाकीत ठेवा, पण डोक्याला हात लावू देणार नाही. म्हणते, पोरगी उठून आई म्हणून हाक मारील आणि मी विचारू का तिला, तू कोण? चार महिने दिलेत डॉक्टरांनी. चार महिने! तुमचं ऐकते ती. काहीतरी करा."

बहीण गेल्यावर मामा तीन नंबराला पाठ टेकून उभा राहिला. स्टील पाठीला गार नव्हतं, बाहेरून ते कधीच गार नसतं. आत टक झालं.

पुढच्या रविवारी बाई आल्या. चेहरा उतरलेला, पण पुस्तक हातात. मामाने आधी आडवळणाने सुरुवात केली. शस्त्रक्रिया आजकाल किती सोपी झाली आहे, वगैरे.

"बहिणीने पाठवलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "मामा, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेय असं तुम्हालाही वाटतं ना? पण माझ्या हातात आहेच काय? जे आहे ते इथे, या टाकीत आहे."

"ती उठणार नाही, बाई."

"डॉक्टर म्हणतात, शक्यता आहे."

"डॉक्टरांना माहीत नाही ते मला माहीत आहे."

आणि मग त्याने सांगितलं. पट्टी, फोन, कुंडी, नऊ दिवस, खोटा आकडा, सगळं. फक्त बाणाचं नाव काढलं नाही. बाई ऐकत राहिल्या. मग वर्गात विचारावं तशा शांतपणे म्हणाल्या, "किती उरलं होतं?"

"वीतभर."

बाईंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "घड्याळजींचं डोकं खाली."

"हो."

"वकीलसाहेबांचंही."

"हो."

तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही. हिशोब त्यांचा झाला होता. मामा घाईघाईने म्हणाला, "शब्द मी टाकला होता, बाई. तुम्ही नाही. आणि वरती गार वाफ असते, कदाचित काही झालंही नसेल, कुणाला माहीत..."

"दहा वर्षं!" बाई ओरडल्या. तो आवाज त्या दालनात कुणी कधी काढला नव्हता. "एकशेवीस रविवार, मामा! एकशेवीस वेळा विचारलं मी तुम्हाला!" त्यांनी हातातलं पुस्तक त्याच्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचललाच नाही. मग त्या टाकीजवळ गेल्या आणि त्या वरच्या बाणावर तळहात ठेवला. अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मीच वर केला हा." आणि गेल्या. पुस्तक खाली पडलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामाने डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "काही बिघडलं नसेल किंवा सगळंच बिघडलं असेल. उघडल्याशिवाय कळणार नाही आणि उघडणारा अजून जन्मलेला नाही. खरा आकडा लिहून ठेवा, त्याच्यासाठी." मग पातळीचे आकडे आपोआप दाखवणारं एक यंत्र आणून बसवलं आणि मामाला काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं मामाला वाटलं.

पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला. ताई तयार झाली. आणखी महिन्याने, शस्त्रक्रिया नीट पार पडली. बहीण आनंदाने हुंदके देत होती. "फक्त ते म्हणाले होते ना, मामा, तसंच झालं. मला ओळखते. लग्नाच्या आधीचं सगळं आठवतं. पाढे आठवतात. पण पोरगी... पोरगी नाहीच आठवत. फोटो काढून ठेवलेत मी. डॉक्टर म्हणालेत, हळूहळू सांगा. तुम्ही भेटलात तर काही बोलू नका हं."

मामाने फोन ठेवला. बाई वाचल्या, हे चांगलंच झालं, तो स्वतःला म्हणाला. पण आता त्या पोरीला झोपाळ्यावर गरगरायचं हे जगात कुणाला ठाऊक होतं? त्याला एकट्याला. साठी उलटलेल्या, दम लागणाऱ्या एका टाक्या भरणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती पोर येऊन राहिली होती. उद्या शंभर वर्षांनी समजा कुणी तिला उठवलंच, तर ती कुणाला हाक मारणार होती?

दोन महिने गेले. एका रविवारी दार वाजलं. बाई उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला.

"माफ करा हं," त्या संकोचाने म्हणाल्या. "फिरायला म्हणून निघाले आणि बसमध्ये बसले. उतरले तर पाय इकडेच वळले. मी इथे काही काम करायची का?"

"यायचात अधूनमधून," मामा म्हणाला. "या ना."

त्या आत आल्या, आठ टाक्यांकडे पाहिलं आणि कुणी न सांगता तीन नंबरासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मामाने त्यांना काय आहे ते थोडक्यात सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. चिठ्ठ्या वाचत राहिल्या. मास्तरकीची नजर ती, लगेच अडखळली.

"हे दोन बाण खाली आणि हा एकटाच वर. चुकलाय का हो?"

मामा चिठ्ठीपाशी गेला. "नाही. लहान पोरगी आहे ती, नऊ वर्षांची. तिची आई म्हणाली, उलटं नको. झोपाळ्यावरसुद्धा गरगरायचं तिला."

"अगंबाई!" बाई हसल्या. "अगदी माझ्यासारखं. मला अजून गरगरतं." मग हसू ओसरलं. "बिचारी. तिची आई येते का इथे?"

"येते ना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"आज पहिला रविवारच आहे. आली नाही अजून?"

टाकीत टक झालं. मामाच्या ओठांवर तेच गुळगुळीत दोन शब्द आले. त्याने ते गिळले.

"आलीये," तो म्हणाला.

बाईंनी मागे वळून सगळं दालन पाहिलं. कुणीच नव्हतं. मग त्या बाकाच्या मधोमध बसल्या होत्या तिथून उठल्या आणि एका कडेला सरकून बसल्या, त्या पोरीच्या आईला जागा व्हावी म्हणून.